लुई नेल: ज्यांना स्वतःचाच शोध बिनकामाचा वाटला होता!

काही पदार्थांच्या आत असंख्य छोटे चुंबक असतात, तरी त्यांना खिळा काही चिकटत नाही. असं का होतं, याचं उत्तर शोधलं फ्रान्सच्या लुई नेल यांनी.

नेल यांचा जन्म १९०४ चा, लिआँ शहरातला. पॅरिसमध्ये शिकून ते स्ट्रासबर्गला पिएर वाइस यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. १९३० च्या दशकात त्यांनी मांडलं की अशा पदार्थात शेजारशेजारच्या अणूंचे चुंबक एकमेकांच्या उलट दिशेला तोंड करून उभे असतात. वजाबाकी शून्य! ठरावीक तापमानाच्या वर ही शिस्त मोडते. त्या तापमानाला आज 'नेल तापमान' म्हणतात.

मग दुसरं महायुद्ध आलं. जहाजाच्या पोलादाचं चुंबकत्व ओळखून फुटणारे जर्मन सुरुंग समुद्रात पेरलेले होते. नेल यांनी फ्रेंच युद्धनौकांना उलट दिशेचं चुंबकत्व देऊन त्यांचा मूळ परिणाम पुसून टाकला. पुन्हा तीच वजाबाकी, फक्त यावेळी पणाला खलाशांचे जीव होते.

१९४० मध्ये ते ग्रनोबलला गेले आणि तिथेच त्यांनी मोठी संशोधन संस्था उभी केली. १९४९ मध्ये अमेरिकेत मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉनचा मारा करून अणूंची ती उलटसुलट रांग प्रत्यक्ष दिसली. १९७० मध्ये नेल यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण त्या वेळच्या भाषणात त्यांनीच सांगितलं की हे पदार्थ अभ्यासायला भारी आहेत, मात्र त्यांचा व्यवहारात उपयोग दिसत नाही.

इथे मात्र ते चुकले. निकेल ऑक्साइडचं उदाहरण घ्या. त्यात अणूंचे असे थर असतात की एका थरातले सगळे चुंबक एका दिशेला आणि पुढच्या थरातले बरोबर उलट. आत हिशेब पूर्ण होतो, पण पृष्ठभागावरच्या शेवटच्या थराला बाहेरच्या बाजूला जोडीदारच नसतो. त्यामुळे तिथे थोडं चुंबकत्व शिल्लक राहू शकतं. अशा पृष्ठभागाला चिकटवलेल्या चुंबकाची दिशा सहजी हलत नाही. हीच पकड वापरून हार्ड डिस्क वाचणारे बारीक सेन्सर बनले.

२००० साली, ९५ व्या वर्षी नेल गेले. तोवर त्यांचा 'बिनकामाचा' शोध घराघरातल्या कॉम्प्युटरमध्ये पोहोचला होता. म्हणून एखाद्या संशोधनाचा उपयोग काय, हा प्रश्न जरूर विचारा. फक्त उत्तराची घाई करू नका.