२१४७४८३६४७ : दृष्टी गेलेल्या गणितज्ञाने पारखलेला आकडा

गेम खेळताना किंवा प्रोग्रामिंग शिकताना २१४७४८३६४७ हा आकडा तुम्ही कधीतरी पाहिला असेल. ३२ बिटच्या इंटिजरमध्ये मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातो, उरतात ३१. म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. कॉम्प्युटर यायच्या खूप आधी या आकड्याची कसून तपासणी करणारा माणूस होता लेओनार्ड ऑयलर.

बासेल ते पीटर्सबर्ग

ऑयलरचा जन्म १७०७ चा, स्वित्झर्लंडमधल्या बासेलचा. वडील पाद्री. मुलानेही तेच करावं अशी त्यांची इच्छा होती, पण योहान बर्नुली या गणितज्ञाने त्याची हुशारी ओळखली आणि वडिलांचं मन वळवलं. १७२७ मध्ये ऑयलर रशियात सेंट पीटर्सबर्गला गेला. तिशीतच त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. मधली २५ वर्षं बर्लिनमध्ये काढून १७६६ मध्ये तो पीटर्सबर्गला परतला, तोवर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. १७७१ मध्ये घर आगीत जळालं. त्याच वर्षी ऑपरेशन झालं, थोडे दिवस दिसलं आणि मग तेही गेलं.

काम मात्र थांबलं नाही. तो डोक्यात हिशोब करायचा, मुलं आणि सहायक लिहून घ्यायचे.

३१ चा प्रश्न

ही संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि स्वतःशिवाय कशानेच भाग जात नाही, असं १६४४ मध्ये मर्सेनने म्हटलं होतं. सिद्धता दिली नव्हती. वर्गमूळ साधारण ४६,३४१, म्हणून त्याच्या आतल्या ४,७०० हून जास्त मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. ऑयलरने शॉर्टकट काढला : या संख्येला भाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. झालं! तपासायला उरले फक्त ३७२ आकडे, आणि त्यातलेही बरेच मूळ नसल्याने आपोआप गळतात. १७७२ मध्ये त्याने निकाल जाहीर केला : संख्या मूळ आहे. पुढे कित्येक वर्षं हीच माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या होती.

आज तुमच्या फोनमध्ये

२०१४ मध्ये 'गंगनम स्टाईल'च्या व्ह्यूजनी हा आकडा ओलांडला, यूट्यूबला काउंटर ६४ बिटवर न्यावा लागला. जुन्या ३२ बिट सिस्टिम्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. त्यांची मर्यादा १९ जानेवारी २०३८ ला, भारतात सकाळी ८:४४:०७ ला संपेल. आणि इंटरनेटवर वापरलं जाणारं आरएसए एन्क्रिप्शन ऑयलरच्याच एका प्रमेयावर उभं आहे.

१८ सप्टेंबर १७८३ ला ऑयलर गेला. त्या दिवशीही युरेनसच्या कक्षेवर चर्चा चालू होती.