मधमाश्यांच्या साथीने वाचवलेली नोकरी

कार्ल फॉन फ्रिश यांचा जन्म १८८६ मध्ये व्हिएन्नात झाला. वडील शल्यचिकित्सक, मामा शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. मुलानेही वैद्यकीय शिक्षण सुरू केले, पण ते अर्ध्यावर सोडून तो प्राणिशास्त्राकडे वळला.

मधमाश्यांना रंग ओळखता येत नाहीत, असे त्या काळी म्युनिकमधील नामवंत नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस ठामपणे सांगत. मग फुले रंगीत कशासाठी, असा प्रश्न तरुण फ्रिश यांना पडला. त्यांनी करड्या रंगाच्या फिकट-गडद छटांचे अनेक कागद मांडून त्यांत एक निळा ठेवला आणि त्यावर साखरपाण्याची वाटी. माश्यांना सवय झाल्यावर वाटी रिकामी केली, निळ्याची जागा बदलली. तरी माश्या निळ्यावरच उतरल्या. त्यांना रंग दिसत नसता, तर कुठल्या तरी करड्या छटेशी त्यांनी निळ्याची गल्लत केली असती.

पुढे काचेची भिंत असलेल्या पेटीत त्यांनी माश्यांचे नाच पाहिले. गोल नाच मकरंदाचा आणि पोट हलवत केलेला नाच परागाचा, असा अर्थ त्यांनी १९२० च्या दशकात लावला. तो चुकीचा होता.

चूक उमगण्याआधीच संकट आले. फ्रिश यांची आजी ज्यू कुळातली. नाझी राजवटीने १९४१ मध्ये त्यांना म्युनिक विद्यापीठातून काढण्याचे ठरवले. त्याच सुमारास नोसेमा या रोगाने जर्मनीतल्या असंख्य वसाहती मरत होत्या. हा सूक्ष्म परजीवी माशीच्या आतड्यात वाढतो. माणसाला त्याची बाधा होत नाही. पण माश्या गेल्या की अनेक पिकांचे परागीभवन घटते आणि फळे-बिया कमी धरतात. युद्धात अन्नाची चणचण असताना हे परवडणारे नव्हते. रोगावरचे संशोधन फ्रिश यांच्याकडे सोपवले गेले आणि त्यांची सक्तीची निवृत्ती युद्ध संपेपर्यंत लांबली.

मिळालेल्या मुदतीत त्यांनी माश्यांवरचे जुने प्रयोगही पुन्हा हाती घेतले. आता साखरपाणी दूरवर ठेवले, तेव्हा १९४४-४५ मध्ये उलगडा झाला. दोन्ही नाच अन्नाचाच पत्ता सांगत होते. जवळचे असेल तर गोल, लांबचे असेल तर पोट हलवत. उभ्या पोळ्यावर सरळ वर धावणे म्हणजे सूर्याच्या दिशेने जा. उभ्या रेषेपासून जितकी तिरकी धाव, तितके सूर्यापासून बाजूला. अंतर जास्त, तितकी पोट हलवण्याची धाव लांबते. वीस वर्षे मांडलेला आपलाच निष्कर्ष चुकल्याचे त्यांनी जाहीर केले.

१९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वैद्यकाचे शिक्षण अर्ध्यावर सोडलेल्या या माणसाला ते मिळाले, शरीरक्रिया व वैद्यकशास्त्राचे. १९८२ मध्ये म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले.