चतुरसिंग भोसले : एका पावसाळ्याचे बंड

मी मूळचा तासगावचा. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या गणपतीच्या गोपुराखाली माझे बालपण गेले. भाऊ म्हणजे आम्हां गावकऱ्यांचा अभिमान. शिक्षणासाठी साताऱ्यास आलो, अजिंक्यतारा चढलो, आणि भाऊंची तलवार याच किल्ल्यावरही चालून आली होती हे मला प्रथमच कळले. ती ज्यांच्याविरुद्ध उपसली गेली, त्यांतले एक चतुरसिंग भोसले.

चतुरसिंग वावीच्या भोसले घराण्यातले. त्यांचे बंधू विठोजी १७७७ साली साताऱ्यास दत्तक गेले आणि धाकटे शाहू महाराज झाले. नाव छत्रपतींचे, पण सत्ता पुण्याची. खर्चासाठीसुद्धा पुण्याच्या कारभाऱ्यांच्या तोंडाकडे पाहावे लागे. चतुरसिंगांच्या मनात हे सलत राहिले.

१७९८ साली संधी आली. नाना फडणीस शिंद्यांच्या कैदेत होते, पुण्यात गोंधळ माजला होता. महाराजांनी चतुरसिंगांच्या साह्याने किल्ला ताब्यात घेतला. फौज जमू लागली. चालून आलेल्या माधवराव रास्त्यांना माघार घ्यावी लागली. तेव्हा पुणे दरबाराने अटकेतल्या परशुरामभाऊंना मोकळे करून साताऱ्यावर धाडले. ऐन पावसाळ्यात वेण्णा ओलांडून भाऊंनी महाराजांचा पाडाव केला. काही महिन्यांतच बंड आटोपले.

चतुरसिंग मात्र हाती लागले नाहीत. ते कोल्हापूरकरांना जाऊन मिळाले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १७९९ मध्ये, कोल्हापूरकरांशी लढताना पट्टणकुडीला भाऊ पडले. चतुरसिंग नंतरही कित्येक वर्षे झुंजत राहिले. अखेर त्रिंबकजी डेंगळ्यांनी त्यांना दग्याने धरले आणि महाडकडच्या कांगोरी किल्ल्यावर कोंडले.

एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांचे पुतणे प्रतापसिंह महाराज यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. त्याच महिन्यात चतुरसिंग कांगोरीच्या कैदेत वारले. ज्या गादीसाठी ते झगडले ती पेशव्यांच्या हातून सुटली खरी, पण इंग्रजांच्या हाती गेली.

सुट्टीत गावी गेलो की मी गणपतीला पूर्वीसारखाच हात जोडतो. भाऊंच्या शौर्याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण छत्रपतींच्या नावाने चालणाऱ्या राज्यात छत्रपतींवरच फौज का जावी? चतुरसिंगांनी आयुष्यभर उराशी बाळगलेला हा प्रश्न आता माझ्याबरोबर तासगावापर्यंत येतो.