नाना फडणीस आणि साष्टीचे युद्ध

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र छापण्याची प्रथा आहे. या वर्षी ते काम आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही नाना फडणिसांचे नाव सुचविले. नाना आपल्या ज्ञातीचे नव्हते, यावर थोडी कुजबुज झाल्याचे आमच्या कानी आले. परंतु आपल्यापैकी बहुतेकांची बिऱ्हाडे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत आहेत, आणि हा सारा मुलूख म्हणजे जुने साष्टी बेट होय. ते मराठ्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले ते नानांच्याच कारकिर्दीत. शाळेत आम्ही सालबाईच्या तहाची तारीख मुलांकडून घोकून घेत असू. तो तह आपल्याच परसदाराविषयीचा आहे, हे सांगावयाचे मात्र राहून गेले.

नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. जन्म सातारा येथे १२ फेब्रुवारी १७४२ रोजी झाला. वडिलांमागे फडणिशीचे काम लहान वयातच अंगावर पडले. शरीर नाजूक, स्वभाव एकांतप्रिय. तलवारीपेक्षा लेखणीवर भिस्त. पेशवाईतील साडेतीन शहाण्यांत त्यांना अर्धे गणतात, ते केवळ योद्धे नव्हते म्हणून.

अठराव्या वर्षी ते आई व पत्नी यांच्यासह सदाशिवरावभाऊंच्या स्वारीबरोबर उत्तरेस गेले. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंची फौज कुंजपुऱ्याकडे असता अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली, आणि एवढे मोठे सैन्य नदी उतरून पाठीशी आले याची पक्की वर्दी भाऊंस वेळेवर मिळाली नाही. दिल्लीची वाट तुटली, रसद तुटली, आणि जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर जे झाले ते सर्वश्रुत आहे. नाना वेषांतर करून जीव वाचवून परतले. त्यांची आई त्या धावपळीत हरवली ती पुन्हा दिसली नाही. त्या दिवसांची हकीकत त्यांनी आपल्या छोट्या आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. पुढील आयुष्यभर बातमीविषयी जी दक्षता त्यांनी बाळगली, तिचे मूळ आम्ही तरी या अनुभवातच शोधतो.

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा वध झाला. राघोबादादांविरुद्ध बारभाईंचे कारस्थान उभे राहिले, १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि कारभाराची सूत्रे सखारामबापू व नाना यांच्याकडे आली. पुण्यात घर असे फाटलेले असता मुंबईचे इंग्रज स्वस्थ बसणार नव्हते. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली होती. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी हे बेट आपल्या हाती असावे, अशी इंग्रजांची जुनी इच्छा होती. १७७२ मध्ये त्यांनी मोस्टिन यास वकील म्हणून पुण्यास पाठविले तेही याच हेतूने. १७७४ च्या अखेरीस मुंबईस बातमी आली की, गोव्याचे पोर्तुगीज साष्टी परत घेण्यासाठी तयारी करीत आहेत. इच्छा आधीची होती; बातमीने तिला मुहूर्त दिला. पोर्तुगीजांच्या आधी आपण, एवढा हिशेब करून इंग्रजांनी २८ डिसेंबर १७७४ रोजी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. वेसाव्याचा किल्लाही गेला, आणि नव्या वर्षाच्या आरंभी सारे बेट त्यांच्या ताब्यात आले. पोर्तुगीजांशी नव्हे, तर ज्यांच्याशी सलोखा होता आणि ज्यांच्या दरबारी आपला वकील बसला होता, त्या मराठ्यांशी ही लढाई झाली, हे ध्यानात ठेवावे. मार्च १७७५ मध्ये राघोबांनी सुरतेच्या तहाने साष्टी व वसई लिहून दिली, म्हणजे घेतलेल्या मालाची पावती झाली. १ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहाने युद्ध थांबले, तरी साष्टी सुटली नाही.

येथून पुढचा भाग आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ चौलास उतरून पुण्यास आला. तो फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणवीत असे. वास्तविक तह करण्याचा खरा अधिकार त्यास नव्हता. नानांनी त्याचा मोठ्या थाटाने सत्कार केला. इंग्रजांस धाक बसावा हा हेतू उघड दिसतो. धाक बसला, पण उलटा. फ्रेंच आले, आता कोकणात उतरणार, अशी पत्रे मुंबईस व कलकत्त्यास गेली आणि लढाई हवी असणाऱ्यांच्या हाती आयते निमित्त पडले. दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ टाकण्याचा हा डाव नानांच्या अंगाशी आला, असे आमचे मत आहे. नानांच्या चरित्रलेखकांस ते मानवणार नाही.

मार्च १७७८ मध्ये नानांचे चुलत बंधू मोरोबा फडणीस यांनी कारभार बळकावला व राघोबास पुण्यास आणावे असे मुंबईस कळविले. इंग्रजांस सखारामबापूंची लेखी कबुली हवी होती. बापू तोंडाने गोड बोलत, कागदावर काही उमटवीत नसत. तीन-चार महिन्यांतच नानांनी महादजी शिंद्यांच्या साह्याने डाव उलटविला आणि मोरोबांस अहमदनगरच्या किल्ल्यात टाकले. ज्यांनी बोलाविले तेच कैदेत गेले. तरीही ऑक्टोबर १७७८ मध्ये हॉर्नबीच्या कौन्सिलाने पुण्यावर चालून जाण्याचे ठरविले. राघोबा वर येताच सरदार येऊन मिळतील, हा सारा भरवसा राघोबा व त्यांच्या पक्षाच्या लोकांच्या सांगण्यावर होता, आणि त्या लोकांस युद्ध झाल्याखेरीज गत्यंतर नव्हते. बंगालची कुमक अद्याप बुंदेलखंडात होती. कौन्सिलातील ड्रेपर या एकाच सभासदाने विरोध नोंदविला; तो कागदावरच राहिला.

नानांचे वकील व बातमीदार दिल्ली, हैदराबाद, मुंबई येथून नित्य लिहीत असत. इंग्रज फौज निघाली ती त्यांस अनपेक्षित नव्हती. सुमारे चार हजार शिपाई, त्यांच्यामागे १९ हजार बैल, असा तो लवाजमा बोरघाट चढून मुंगीच्या पावलाने चालला. मोस्टिन आजारी पडून परतला व १ जानेवारी १७७९ रोजी मुंबईत वारला. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठ्यांनीच त्याच्या शौर्याने मोहून त्यास इष्टुर फाकडा हे नाव दिले. तुकोजी होळकर राघोबाकडे झुकलेले समजले जात, म्हणून त्यांस फुटता येणार नाही अशा जागी नेमले होते. आपल्याच माणसाविषयीची अप्रिय बातमीही नानांनी नजरेआड केली नाही. ९ जानेवारीस फौज तळेगावास पोहोचली, तो गाव जळालेला, चारा नाही, आणि येऊन मिळालेला सरदार एकही नाही. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या व माघार घेतली. वडगावास ते कोंडले गेले आणि साष्टी परत देण्याचा करार करून सुटले.

मुंबईकरांनी तो करार मानला नाही. कंपनीने पुढे कार्नाक, एगर्टन व कॉकबर्न यांस बडतर्फ केले, पण युद्ध चालूच राहिले. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. नानांनी हैदरअलीच्या मृत्यूपर्यंत त्या तहावर मान्यतेची मोहोर केली नाही. डिसेंबर १७८२ मध्ये ती करावी लागली.

पुढे मार्च १७९५ मध्ये खर्ड्यास निजामावर जय मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून निवर्तले. तरुण पेशव्यांवर नानांची कडक नजर असे. कोण भेटले, कोणाचे पत्र आले, हे नानांस कळे. दूरच्या दरबारांची नाडी ओळखणाऱ्या या पुरुषास घरातील एकवीस वर्षांच्या मुलाच्या मनातले कळले नाही, याचे आम्हांस शिक्षक म्हणून विशेष वाईट वाटते. नंतरची चार वर्षे पळापळ, कैद व पुन्हा कारभार अशी गेली. १३ मार्च १८०० रोजी नाना पुण्यात वारले. वाईजवळ मेणवलीस कृष्णेकाठी त्यांचा वाडा व घाट आहे. त्यांच्या दफ्तरातील ढीगभर कागद पुढे तेथेच सापडले. ठाण्याच्या ज्या किल्ल्यावरून हे सारे सुरू झाले, त्याच्या तटांत पुढे इंग्रजांनी तुरुंग केला.