वनपंडित ब्रांडिस

पावसाळा तोंडावर आला की यवतमाळ जिल्ह्यात दोन पेरण्या एकदमच सुरू होतात. शेतकरी कापूस, तूर व ज्वारी यांच्या धांदलीत असतो, आणि त्याच दिवसांत पांढरकवडा, वणी, उमरखेड या बाजूंच्या वनांत मजूर सागाची जडी लावीत असतात. जडी म्हणजे वर्षभराच्या रोपाचे मूळ व त्यावर राखलेला बोटभर देठ. पहारीने भोक पाडावे, जडी त्यात उभी बसवावी आणि माती घट्ट दाबावी, एवढेच ते काम. परंतु शेतकऱ्याचे पीक दिवाळीपर्यंत घरात येते. या पिकाला पक्व होण्यास साठ ते ऐंशी वर्षे लागतात. जडी लावणारा हात आणि झाडावर कुऱ्हाड चालविणारा हात एकाच माणसाचा असणे जवळजवळ अशक्य. असे असता हे झाड केव्हा तोडावयाचे, कोणते आधी काढावयाचे, किती ठेवावयाचे, याचा हिशेब कोणी व कसा ठेवावा? भारतात हा हिशेब प्रथम पद्धतशीरपणे मांडणाऱ्या पुरुषाचे नाव डीट्रिख ब्रांडिस असे होते.

ब्रांडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी जर्मनीतील बॉन या विद्यानगरीत झाला. वडील तत्त्वज्ञानाचे नामांकित प्राध्यापक होते. ग्रीसच्या राजाचे सल्लागार म्हणून ते काही काळ अथेन्सला राहिले, तेव्हा बालवयातील डीट्रिखही त्यांच्याबरोबर होता. पुढे कोपनहेगन, गटिंगेन व बॉन येथे अध्ययन करून ब्रांडिस यांनी वनस्पतिशास्त्रात प्रावीण्य मिळविले आणि १८४९ पासून ते बॉनच्या विद्यापीठात तो विषय शिकवू लागले. त्यांचे आयुष्य एखाद्या शांत अभ्यासिकेत वाळलेली पाने चिकटविण्यात गेले असते. परंतु विवाहाने ते वळण घेतले. १८५४ मध्ये त्यांनी राशेल मार्शमन या विधवा स्त्रीशी विवाह केला. राशेल या बंगालमधील श्रीरामपूरच्या प्रसिद्ध मिशनरी मार्शमन यांच्या कन्या, आणि त्यांची बहीण सेनापती हॅवलॉक यांची पत्नी होती. या नात्यामुळे ब्रांडिस यांचे नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या कानावर गेले.

डलहौसींना त्या वेळी अशा माणसाची निकड होती. १८५२ च्या युद्धात इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा पेगू प्रांत घेतला होता, आणि त्याबरोबर उत्तम सागाची अफाट वनेही त्यांच्या हाती आली होती. जहाजबांधणीसाठी सागासारखे लाकूड नाही. ते पाण्यात कुजत नाही, वाळवी त्याला सहसा लागत नाही आणि खिळ्यालाही ते गंजवीत नाही. परंतु मोलमीन बंदरामागची वने व्यापाऱ्यांनी थोड्याच वर्षांत ओरबाडून टाकली होती. तीच गत पेगूची होऊ नये म्हणून जानेवारी १८५६ मध्ये ब्रांडिस यांची तेथील वनांवर अधीक्षक म्हणून नेमणूक झाली.

आता जर्मनीच्या वनांविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण ब्रांडिस यांच्या पद्धतीचे मूळ तेथे आहे. खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या यांनी जर्मनीची जुनी अरण्ये खाऊन टाकली, तेव्हा तेथील लोकांनी उजाड माळांवर पाइन व स्प्रूस ही सूचिपर्णी झाडे मुद्दाम लावण्यास आरंभ केला. ही झाडे प्रथम दाट लावतात. दाटीत प्रत्येक झाड उजेडासाठी वर धावते; खालच्या फांद्या सावलीत वाळून गळतात आणि खोड सरळ, कमी गाठींचे होते. पण दाटी तशीच ठेवली तर सगळीच झाडे काटकुळी राहतात. म्हणून काही वर्षांच्या अंतराने वाकडी, रोगट, दबलेली झाडे काढून उरलेल्यांना जागा करून द्यावयाची. यास विरळणी म्हणतात. विरळणीतील बारीक लाकूड वासे, खांब व सरपण यांच्या उपयोगी पडते. मोठे खोड शेवटी मिळते. वनाचे भाग पाडून दरवर्षी ठरावीक भागच तोडावा, तोडलेल्या जागी लगेच लावणी करावी, आणि वर्षभरात वन जितके वाढते त्याहून अधिक लाकूड कधीही काढू नये, हा त्या शास्त्राचा कणा होता. सावकाराच्या भाषेत बोलावयाचे तर व्याजावर राहावे, मुदलास हात लावू नये. (एकाच जातीच्या पाइनच्या रांगा किडीला आणि वादळाला लवकर बळी पडतात, हेही जर्मनांना पुढे अनुभवाने कळले. सागाच्या रोपवनांनाही पाने खाणाऱ्या अळ्यांचा उपद्रव होतोच.)

पेगूमध्ये मात्र रांगा नव्हत्या आणि नकाशेही नव्हते. शेकडो जातींच्या झाडोऱ्यात, बांबूच्या गर्दीत, कोठे एक, कोठे दोन असे साग विखुरलेले होते. मुद्दल किती हेच ठाऊक नाही, तर व्याज कसे काढणार? ब्रांडिस यांनी योजिलेला उपाय इतका साधा होता की त्याचे आजही कौतुक वाटते. ते हत्तीवर बसून डोंगरांच्या सोंडांवरून ठरावीक रेषेने जात. डाव्या हातात बांबूचे चार तुकडे असत, उजव्या हातात खिशातला चाकू. घेराच्या मानाने झाडांचे चार वर्ग त्यांनी केले होते. सहा फूट व त्याहून अधिक घेराचे झाड पहिल्या वर्गातले. रेषेच्या दोहों बाजूंस जे साग दिसत, त्यांच्यासाठी त्या त्या वर्गाच्या बांबूवर एक खाच पाडावयाची. पावसाने कागद भिजतो, शाई उतरते; बांबूवरची खाच जात नाही. संध्याकाळी मुक्कामावर आल्यावर खाचा मोजून वहीत आकडे उतरवीत. हिवतापाच्या त्या प्रदेशात त्यांनी हे काम कोरड्या ऋतूपुरते न ठेवता पावसाळ्यातही चालविले.

या खाचांतून त्यांनी तोडीचा नियम काढला. दुसऱ्या वर्गातले झाड पहिल्या वर्गात जाण्यास जितकी वर्षे लागतात, तितक्या वर्षांवर पहिल्या वर्गातील झाडे वाटून द्यावयाची. म्हणजे शेवटचे मोठे झाड पडेपर्यंत त्याच्या मागची पिढी तयार झालेली असते. तोडावयाच्या सागाच्या बुंध्याभोवती साल व बाहेरचे लाकूड कापून खोल खाच घेत, आणि झाड उभ्या उभ्याच दोन-तीन वर्षे वाळू देत. ओला साग पाण्यात बुडतो; वाळलेला तरंगतो. मग हत्ती ओंडके ओढून ओढ्यात टाकीत आणि पुराच्या पाण्याबरोबर ते रंगूनच्या दिशेने निघत. कोणत्या झाडाला खाच घ्यावयाची हे आता व्यापारी ठरवीत नव्हता, वनखाते ठरवीत होते. रंगूनचे लाकूडव्यापारी यावर संतापले आणि त्यांनी सरकारकडे तक्रारी केल्या. ब्रांडिस यांना त्यांच्याशी वर्षानुवर्षे झगडावे लागले.

याहून नाजूक प्रश्न डोंगरात राहणाऱ्या करेण लोकांचा होता. करेण फिरती शेती करीत. जंगलाचा तुकडा तोडावा, जाळावा, राखेत भात पेरावे आणि एक-दोन वर्षांनी दुसरीकडे जावे, असा त्यांचा क्रम. त्यात सागही जळत असे. त्यांना डोंगरांतून हाकलून देणे ब्रह्मदेशातील नव्या राज्यकर्त्यांना अवघड नव्हते. ब्रांडिस यांनी वेगळी वाट धरली. करेणांनी आपल्या भाताच्या ओळींमध्ये सागाचे बी लावावे, भाताबरोबर सागाचीही निंदणी करावी, आणि शेत सोडून जाताना जितकी रोपे जिवंत असतील तितक्यांचा मोबदला घ्यावा, अशी ही योजना होती. तिला तेथील भाषेत टाँग्या म्हणतात. शेत संपले की मागे सागाची राई उभी राही. साग लावण्याची कल्पना अर्थातच त्यांची पहिली नव्हे. केरळात निलांबूर येथे कलेक्टर कॉनोली व चातू मेनन यांनी १८४० च्या दशकातच सागाचे कठीण कवचाचे बी रुजविण्याची युक्ती साधली होती. परंतु जे लोक वन जाळतात म्हणून बदनाम होते, त्यांच्याच हातून वन लावून घेणे हे ब्रांडिस यांच्या विचाराचे वैशिष्ट्य मानले पाहिजे.

१८६२ मध्ये त्यांना भारत सरकारने बोलावून घेतले आणि १८६४ मध्ये ते भारताच्या वनांचे पहिले महानिरीक्षक झाले. तो लोहमार्गांचा काळ होता. १८५३ मध्ये मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली आणि १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला. एका मैलाला दोन हजारांच्या आसपास स्लीपर लागत आणि ते काही वर्षांनी बदलावे लागत. साग, साल, देवदार या झाडांचे स्लीपर टिकत. हिमालयातील चीड म्हणजे आपल्याकडचा पाइन मात्र औषध मुरविल्याशिवाय लवकर कुजे. त्यामुळे चांगल्या वनांवरच कुऱ्हाडी तुटून पडल्या होत्या. ब्रांडिस यांनी हिमालयापासून दक्षिणेपर्यंत प्रवास केला, वने मोजविली, ती राखीव केली, वणव्याला अडविण्यासाठी जाळरेषा काढण्यास उत्तेजन दिले. १८७८ मध्ये देहरादून येथे वनविद्यालय निघाले, ते त्यांच्याच प्रयत्नाने. या देशातील वने पुढे या देशातील शिकलेल्या माणसांनीच सांभाळावीत, असे त्यांचे मत होते.

त्याच १८७८ सालात नवा वनकायदा झाला. त्याच्या आधी अधिकाऱ्यांत मोठा वाद झाला होता. बेडन-पॉवेल प्रभृतींचे म्हणणे असे की, वन सरकारचे. लोक तेथून काही नेतात ते केवळ सरकारच्या सवलतीने. ब्रांडिस यांना हे मान्य नव्हते. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या जे सरपण, चारा व लाकूड नेत आले तो त्यांचा हक्क होय. तो नोंदवावा, आणि सरकारी राखीव वनांच्या जोडीला गावोगावची स्वतःची वने असावीत, असा त्यांचा आग्रह होता. कायद्यात ग्रामवनांचे प्रकरण आले खरे, पण ते बहुतेक कागदावरच राहिले. सरकारी वने वाढत गेली. झाडांची मोजणी करणाऱ्या खात्याला माणसांची मोजणी साधली नाही, आणि त्या खात्याचे प्रमुख या नात्याने ब्रांडिस यांच्याकडेही त्याचा काही दोष जातोच. १८८३ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच साली महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, डोंगर आणि गायराने वनखात्याने गिळल्यामुळे गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना चरण्यास जागा उरली नाही, असा आरोप केला.

यवतमाळला हा प्रश्न केवळ पुस्तकातला नव्हता. त्या काळी वणी जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलुखात गोंड व कोलाम यांची घरे वनातच होती. मोहाची फुले, चारा, बांबू, सरपण यांवर त्यांचा संसार चाले. राखीव वनाची सीमा आखली गेली आणि गवताची पेंढी आणणे हाही गुन्हा होऊन बसला. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव वनातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला आणि कारावास पत्करला. वनात राहणाऱ्यांच्या हक्कांची नोंद करण्याचा कायदा व्हावयास त्यानंतरही शहात्तर वर्षे लागली. तो २००६ मध्ये झाला.

निवृत्तीनंतर ब्रांडिस बॉनला परतले, पण स्वस्थ बसले नाहीत. इंग्लंडमधील वनविद्येच्या विद्यार्थ्यांना ते युरोपातील वनांतून पायी हिंडवीत आणि प्रत्येकाच्या टिपणांची वही स्वतः तपासत. १८९० मध्ये गिफर्ड पिंशो हा अमेरिकन तरुण त्यांच्या हाताखाली असाच हिंडला. तोच पुढे अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला. वय सत्तरीच्या पुढे गेल्यावर ब्रांडिस यांनी भारतातील वृक्षांचा बृहद्‌ग्रंथ हाती घेतला आणि लंडनजवळ क्यू येथील वनस्पति-संग्रहात बसून वाळलेल्या फांद्या एकेक करून तपासल्या. ‘इंडियन ट्रीज’ या नावाने तो ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, २८ मे १९०७ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी बॉन येथे त्यांचा अंत झाला. करेणांच्या भातशेतांतून उभ्या राहिलेल्या पेगूच्या सागराया त्या वेळी अजून तोडीच्या वयाला आलेल्या नव्हत्या.