दीक्षेच्या आधीची करुणा : माता रमाई

येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती १३ ऑक्टोबर १९३५ रोजी. त्याआधी साडेचार महिने, २७ मे १९३५ रोजी, माता रमाईंचे राजगृहात निधन झाले होते. नागपूरचा दीक्षा सोहळा त्यांना पाहता आला नाही. तरीही करुणा म्हणजे काय हे घरातल्या मुलांना सांगायची वेळ आली, की आपल्याला रमाईच आठवतात.

त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा, दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहून घर चालवीत. आई रुक्मिणी आणि पाठोपाठ वडीलही गेल्यावर पोरक्या भावंडांना नातेवाइकांनी मुंबईला आणले. लहान वयातच, भायखळ्याचा बाजार उठल्यावर त्याच जागेत, भीमरावांशी त्यांचे लग्न लागले.

१९१३ साली सासरे सुभेदार रामजी वारले. त्याच वर्षी बाबासाहेब अमेरिकेला गेले, ते १९१७ मध्ये परतले. पुढे १९२० ते १९२३ ही वर्षे लंडनच्या शिक्षणात गेली. परळच्या बीआयटी चाळीतला संसार या काळात रमाईंनी काटकसरीने रेटला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे त्यांनी डोळ्यांदेखत गमावली. पाचांपैकी एकटे यशवंत जगले. १९२७ मध्ये दीर आनंदराव गेले, तेव्हा जाऊबाई लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद यांच्यासह घर एकत्रच राहिले.

इतके सोसलेले माणूस आपल्याच दुःखात बुडून गेले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. रमाईंचे तसे झाले नाही. याची साक्ष देणारी धारवाडची आठवण आपल्या समाजात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. बाबासाहेब परदेशी असताना रमाई काही दिवस धारवाडला बळवंतराव वराळे यांच्याकडे राहायला गेल्या. वराळे तिथे दलित मुलांचे वसतिगृह चालवीत. आवारात रोज खेळणारी मुले एकदा दोन दिवस दिसलीच नाहीत. रमाईंनी चौकशी केली, तेव्हा कळले की अनुदान वेळेवर न आल्यामुळे धान्य संपले आहे आणि मुले उपाशी आहेत. त्यांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या उतरवून वराळ्यांच्या हाती दिल्या आणि आधी मुलांच्या जेवणाची सोय करायला सांगितले.

ही गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो आणि बांगड्यांपाशी थांबतो. आमच्या मते तिचा गाभा त्याच्या आधीच्या क्षणात आहे. मुलांनी काही मागितले नव्हते. गलबला थांबला, एवढेच घडले होते. आवारातली ती शांतता रमाईंच्या लक्षात आली, कारण रिकाम्या चुलीशी त्यांची ओळख जुनी होती. दुसऱ्याच्या दुःखाने मन हलणे, याला आपल्या धम्मात करुणा म्हणतात. मन हलण्यासाठी आधी ते दुःख दिसावे लागते.

रमाईंना आपण त्यागमूर्ती म्हणतो, ते योग्यच आहे. पण कधी कधी या शब्दाआड आपण त्यांना फक्त सोशिक पत्नी करून टाकतो आणि सुनांना उपदेश करायला त्यांचे नाव वापरतो. स्वतःची लेकरे गमावलेली ही बाई परक्या लेकरांची आई झाली, हे त्यात हरवते. शिवाय त्याग मोठ्या माणसांनी करायचा असतो, असे म्हणून आपण मोकळे होतो. विचारपूस करायला मात्र सोने लागत नाही.

आज आपल्यातल्या अनेकांकडे पगार आहे, पक्के घर आहे. त्याच वेळी गावाकडून शहरात शिकायला आलेली आपलीच मुले शिष्यवृत्ती लांबली म्हणून मेसचा एक डबा दोघांत वाटून खातात. आपल्याच इमारतीत धुणीभांडी करणारी ताई चार दिवस आली नाही, तर आपण खाडा मोजतो; घरी कोण आजारी आहे का, हे विचारायचे राहून जाते. विहारात रोज येणारे एखादे आजोबा दिसेनासे होतात आणि वंदना नेहमीसारखी पार पडते.

बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. आपणही त्यांच्या नावाने काही अर्पण करायचे म्हटले, तर येत्या जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा जवळच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी काढू या. तो देताना पावती फाडून परत न फिरता, त्या मुलांशेजारी बसून जेवून येऊ या.

माता रमाईंना विनम्र अभिवादन!