घर दुभंगले, सूर अभंग राहिला

किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना येथे, पिढीजात गवयांच्या घरात झाला. तरुणपणी ते बडोदा दरबारी आले. तेथे सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांना गाणे शिकवता शिकवता गुरू-शिष्येची मने जुळली. विरोधामुळे बडोदे सोडून दोघांनी मुंबईत संसार थाटला. पुढे मिरज ही खाँसाहेबांची कर्मभूमी ठरली. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले.

सुराला सर्वस्व मानणाऱ्या या कलावंताचा संसार मात्र टिकला नाही. १९२२च्या सुमारास ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई झाली. वडिलांचे छत्र हरपले, तरी गळ्यातला किराणा कोणी हिरावू शकले नाही. सुरेशबाबू आणि हिराबाई यांना त्याच घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांची तालीम लाभली. हिराबाई बडोदेकर आणि धाकट्या सरस्वती राणे यांनी मैफलीत स्त्री-गायिकेला प्रतिष्ठा मिळवून दिली. हिराबाईंना १९७० मध्ये पद्मभूषण मिळाले.

खाँसाहेब १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात होते. प्रकृती बिघडल्याने ते सिंगपेरुमाळ कोईल स्थानकावर उतरले आणि फलाटावरच गात गात त्यांनी देह ठेवला. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले आहेत. जे घर त्यांना सांभाळता आले नाही, त्याच घरातील मुलांनी त्यांचा सूर मात्र प्राणपणाने सांभाळला.